अश्रू मोजणारे आपण: मुखवट्याच्या एका कवितेचं प्रकरण

पॉल लॉरेन्स डनबार या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीची ‘वुई वेअर द मास्क’ ही पंधरा ओळींची कविता 1895 च्या ‘मेजर्स अँड मायनर्स’ या संग्रहात आली. स्वतःला लपवण्याबद्दलच्या कवितांचा विषय निघाला की ती येतेच, आणि बहुतेक वेळा तिचा अर्थ दोन वाक्यांत उरकला जातो. इथे मांडतोय ते एका वाचनगटातलं प्रकरण आहे. गटात साहित्याचे पदव्युत्तर विद्यार्थी होते आणि काही शिकवणारेही होते. याच कवितेवरून त्यांचे आधी दोन तट पडले, मग सगळे एका बाजूला झुकले आणि शेवटी एका वाचक मुलीच्या आक्षेपावर सगळी चर्चा अडली. तो आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. हे टिपण त्याच्यासाठीच आहे.

कविता वाचायला दिली तेव्हा कवीचं नाव, साल, देश काहीच सांगितलं नव्हतं. हे मुद्दाम केलं होतं. नाव कळलं की वाचक कविता बाजूला ठेवून चरित्र वाचायला लागतो, आणि लपवण्याबद्दलच्या कवितेत तर हा मोह दुप्पट असतो. प्रत्येकाने आधी एकट्याने पानभर रसग्रहण लिहायचं, मग बोलायचं, एवढंच ठरलं होतं.

कवितेचा आशय असा. आम्ही मुखवटा घालतो, दात काढून हसणारा आणि खोटं बोलणारा. तो आमचे गाल झाकतो, डोळ्यांवर सावली धरतो. माणसाच्या कपटाला आम्ही चुकवलेलं हे देणं आहे. फाटलेल्या, रक्ताळलेल्या काळजाने आम्ही हसतो आणि हजार बारकाव्यांनी बोलतो. जगाने आमचे अश्रू आणि उसासे मोजून गरजेपेक्षा जास्त शहाणं का व्हावं? नको. आम्ही मुखवटा घातलेला असतानाच त्यांनी आम्हाला पाहावं. आम्ही हसतो, पण हे ख्रिस्ता, छळलेल्या जिवांचा आक्रोश तुझ्याकडे येतो. आम्ही गातो, पण पायाखालची माती ओंगळ आहे आणि वाट लांब आहे. जगाला मात्र वेगळंच वाटू दे; आम्ही मुखवटा घालतो.

पहिल्या लेखनात बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली: ही कविता मानवी स्वभावाबद्दल आहे, प्रत्येक माणूस चारचौघांत एक असतो आणि मनात वेगळा असतो. काहींनी त्याला सामाजिक मुखवटा म्हटलं, काहींनी दैनंदिन अभिनय. दुसरा तट लहान होता पण ठाम होता. त्यांच्या मते ही दांभिकतेची कविता होती. ओठांत एक, पोटात एक असणाऱ्या माणसांचा कबुलीजबाब आणि वर त्याचा थोडा तोराही. पुरावा म्हणून त्यांनी पहिल्याच ओळीकडे बोट दाखवलं. तिथे खोटं बोलण्याचा उल्लेख सरळ आहे.

दांभिकतेचं वाचन मला पहिल्या वाचनापेक्षा जास्त कामाचं वाटलं, कारण ते निदान एका ओळीला धरून होतं. ‘सगळेच मुखवटे घालतात’ हे वाक्य कुठल्याही कवितेखाली लिहिता येतं. दांभिकतेचा आरोप मात्र तपासता येतो, आणि आम्ही तो तपासला.

खोटं कोण बोलतं?

पहिल्या ओळीत घालण्याचं काम ‘आम्ही’ करतो. हसणं आणि खोटं बोलणं ही दोन्ही कामं मुखवट्याची आहेत. वाक्याची रचनाच तशी आहे. गटात हे कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा दांभिकतेच्या बाजूचे लोक लगेच पुढच्या ओळींकडे वळले, आणि तिथे त्यांना आधार सापडला. चौथ्या ओळीत हसणारे ‘आम्ही’च आहोत. दहाव्या ओळीत पुन्हा ‘आम्ही हसतो’. बाराव्यात ‘आम्ही गातो’. म्हणजे आधी मुखवट्याचं असलेलं हसू हळूहळू चेहऱ्याचं होत जातं. हे निरीक्षण उत्तम होतं. फक्त त्यावरून निघालेला निष्कर्ष मला पटला नाही. दर वेळी ‘आम्ही हसतो’ याच्या शेजारी कवी वेदना ठेवतो: एकदा रक्ताळलेलं काळीज, एकदा आक्रोश. ‘आम्ही गातो’च्या शेजारी ओंगळ माती आणि लांबलचक वाट. हसू जितकं आपलं होत जातं तितकी त्याची किंमत वाढत जाते.

किंमत हाच इथला कळीचा मुद्दा आहे. तिसऱ्या ओळीत मुखवट्याला देणं म्हटलंय. दांभिक माणूस मुखवट्यातून काहीतरी कमावतो: मान, पैसा, विश्वास, निदान सुटका. या कवितेतले ‘आम्ही’ मुखवट्यापायी काहीतरी चुकते करतायत. हे देणं ज्या कपटाला द्यायचं ते कुणाचं, हे कवी स्पष्ट सांगत नाही. लपणाऱ्यांचं स्वतःचं कपट असाही अर्थ एकाने लावला, आणि व्याकरणाने तो चुकीचा ठरत नाही. पण स्वतःच्याच कपटाला कुणी देणं देत नाही. देणं वसूल करणारा समोर उभा असतो. त्यामुळे मला ते समोरच्या जगाचं कपट वाटतं. लपवण्याबद्दलची कुठलीही कविता हातात आली की मी आता सगळ्यात आधी हेच विचारतो: या लपण्याचा फायदा कुणाला होतोय? कवितेचा सूर कबुलीचा आहे की तक्रारीचा, हे त्याच्या उत्तरावरून बरंचसं ठरतं.

रचनेवर आम्ही बराच वेळ काढला आणि तो सत्कारणी लागला. हा राँडो आहे, म्हणजे जुना फ्रेंच बंध: पंधरा ओळी, तीन कडवी, सगळीकडे मिळून दोनच यमकं, आणि पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा नवव्या आणि पंधराव्या ओळीत ध्रुवपदासारखा परत येतो. तो तुकडा इतर ओळींच्या निम्म्या लांबीचा आहे, त्यामुळे वाचताना तिथे पाय अडखळतो. त्याचा शेवटचा शब्द मास्क. सगळ्या कवितेत यमकात न बसणारा ओळीअखेरचा शब्द हा एकच. पंधरा ओळींची घट्ट वीण आणि त्यात जुळायला नकार देणारा नेमका तोच शब्द! पाचव्या ओळीचा शेवट तर आणखी मजेशीर आहे: ‘सटल्टीज’ हा शब्द कागदावर ‘लाइज’, ‘आइज’शी जुळलेला दिसतो, कानाला मात्र जुळत नाही. बारकाव्यांनी बोलण्याची ओळ स्वतःच डोळ्यांना एक दाखवते आणि कानांना दुसरं ऐकवते. हे कवीने मुद्दाम केलं की बंधाच्या ओघात झालं, यावर गटात एकमत झालं नाही. मला ते ठरवण्याची गरज वाटत नाही, कारण परिणाम कवितेत आहे.

नाव कळल्यावर

मग कवीची ओळख सांगितली. डनबारचा जन्म 1872 चा, ओहायोतल्या डेटन गावचा. त्याचे आईवडील केंटकीत गुलामगिरीत राहिलेले. वडील यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेले. शाळेत वर्गात तो एकटा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. विमानाच्या शोधामुळे पुढे जगभर नाव झालेला ऑर्व्हिल राइट त्याचा वर्गमित्र. शिक्षण झाल्यावर त्याला लेखणीचं काम मिळालं नाही; एका इमारतीत लिफ्ट चालवायचं काम मिळालं आणि लिफ्ट चालवता चालवता तो कविता करत राहिला. 1906 मध्ये क्षयाने गेला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

‘मेजर्स अँड मायनर्स’मध्ये दोन भाग आहेत. एकात प्रमाण इंग्रजीतल्या कविता, दुसऱ्यात मुख्यतः दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतल्या. मुखवट्याची कविता प्रमाण इंग्रजीत आहे. विल्यम डीन हॉवेल्स या त्या काळच्या बड्या समीक्षकाने 1896 मध्ये ‘हार्पर्स वीकली’त या पुस्तकाचं कौतुक केलं आणि डनबार एका रात्रीत प्रसिद्ध झाला. पण हॉवेल्सने विशेष दाद दिली ती बोलीतल्या कवितांना. त्यानंतर संपादक आणि वाचक डनबारकडे तेच मागत राहिले. हॉवेल्सने बोलीतल्या कवितांबद्दल जो निवाडा दिला त्याने आपलं कायमचं नुकसान केलं, असं डनबारने पुढे एका पत्रात लिहिलं. 1903 च्या ‘द पोएट’ या छोट्या कवितेत तर त्याने हे दुःख उघडच मांडलं: कवी खोल काही गात होता, जगाने मात्र मोडक्यातोडक्या भाषेतल्या खुळखुळ्याचं कौतुक केलं.

एवढं कळल्यावर पहिल्या ओळीतलं दात काढून हसणं एकदम निराळं दिसायला लागलं. त्या काळात अमेरिकेत ‘मिन्स्ट्रेल शो’ लोकप्रिय होते. त्यांत गोरे नट तोंडाला काळं फासून, ओठ मोठे रंगवून कृष्णवर्णीय माणूस म्हणजे सदा हसणारा, गाणारा, बिनडोक आनंदी प्राणी असं दाखवत. कवितेतले ‘आम्ही’ हसतात आणि गातात, नेमकं तेच. मुखवट्याचा साचा आधीच बाजारात तयार होता. घालणाऱ्याने तो निवडला नव्हता.

इथे गटाचा सगळा लंबक दुसऱ्या टोकाला गेला. दुसऱ्या लेखनात हॉवेल्सच्या कौतुकाला दुखावून डनबारने ही कविता लिहिली, असं काहींनी लिहिलं. कालक्रमच ते चुकीचं ठरवतो: हॉवेल्सने परीक्षण लिहिलं त्या पुस्तकातच ही कविता होती. ‘वेगळे पण समान’ या नावाखाली वांशिक विलगीकरणाला मान्यता देणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन हा निकालही मे 1896 चा, म्हणजे नंतरचा. चरित्र आणि इतिहास कवितेच्या मदतीला घ्यायचे असतील तर तारखा लावून घ्यायला हव्यात. तेवीस वर्षांच्या मुलाने जे लिहिलं त्याला पुढच्या वर्षीच्या घटना कारण होऊ शकत नाहीत. फार तर कविता किती नेमकी होती याला त्या दुजोरा देतात.

तारखांची चूक सुधारता येते. खरा पेच वेगळाच होता. बहुतेक सगळ्या लेखनांचा सूर आता विजयाचा होता. मुखवट्यामागचा चेहरा आपल्याला सापडला, तिथे एक रडणारा कृष्णवर्णीय कवी आहे, आणि कवितेचा अर्थ म्हणजे तो.

आक्षेप

तोवर फारसं न बोललेल्या एका वाचक मुलीने मधल्या कडव्याकडे लक्ष वेधलं. जगाने आमचे अश्रू मोजून जास्त शहाणं का व्हावं, असं कविता विचारते आणि नको म्हणते. मग आपण गेला तासभर काय करत होतो? चरित्र काढलं, गुलामगिरी काढली, क्षय काढला, पत्र काढलं आणि मोजदाद पूर्ण झाल्यावर कविता समजली म्हणून खूश झालो. ज्या जगापासून ही कविता लपतेय ते जग आपणच आहोत, असं तिचं म्हणणं होतं.

यावर पहिली प्रतिक्रिया बचावाची आली. आपली सहानुभूती आहे, आपण ते जग नव्हे. पण कविता जगाला क्रूर म्हणत नाही. ती त्याला अतिशहाणं होऊ नको म्हणते. सहानुभूतीने मोजलेले अश्रूही मोजलेलेच.

मग वाचकाने उभं कुठे राहायचं? कवितेत जागा तीन आहेत. एक ‘आम्ही’ची, एक जगाची आणि एक ख्रिस्ताची. मुखवट्याशिवायचा आवाज फक्त तिसऱ्या जागेकडे जातो, आणि तोही ‘आक्रोश तुझ्याकडे येतो’ एवढंच आपल्या कानावर पडतं. आक्रोशात काय म्हटलंय ते पडत नाही. ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. संपूर्ण कवितेत एकही घटना नाही. कुणी मारलं, कुणी अपमान केला, काय हिरावलं गेलं, काही नाही. काळीज, जीव, माती, वाट: सगळे शब्द रुंद आणि अनाम. बोलीतल्या कवितांमध्ये हाच कवी स्वयंपाकघर, अंगण, पोरंबाळं, वाद्यं सगळं बारकाईने रंगवतो. तपशील त्याला जमत नव्हता असं नाही. इथे त्याने तो दिला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ही कविता मुखवट्याची बातमी देते आणि मुखवटा काढत नाही. तिचा घोटीव फ्रेंच बंध, तिची प्रमाण भाषा, ओळख न देणारा ‘आम्ही’, हे सगळं त्या मुखवट्याचंच कापड आहे. अशा कवितेचा अर्थ लावणाऱ्याने लपवण्याची कृती कशी घडते ते दाखवावं: कोण, कुणापासून, कशाच्या बदल्यात, कुठल्या शब्दांआड. लपवलेली गोष्ट बाहेर काढल्याचा दावा केला की वाचन कवितेच्या विरुद्ध जातं. चरित्र इथे कामाला येतं ते मुखवट्याचा आकार कळण्यासाठी; चेहऱ्याचा फोटो म्हणून ते वापरता येत नाही.

शिकवणाऱ्यांपैकी एकांनी यावर अडचणीचा प्रश्न टाकला. कवीने वंशाचं नाव घेतलंच नाही, तर आमचं पहिलं वाचन, सगळेच मुखवटे घालतात हे, का चालू नये? कवीनेच दार उघडं ठेवलंय. प्रश्न रास्त होता आणि त्यांनी तो नेटाने लढवला. माझं उत्तर कवितेतल्या ‘जग’ या एका पात्रावर उभं आहे. ते दोनदा येतं, दोन्ही वेळा ‘आम्ही’च्या समोर. सगळेच मुखवटे घालत असतील तर हे जग कोण? सार्वत्रिक वाचनात त्याला जागाच उरत नाही, आणि कवितेतलं अर्धं नातं वाऱ्यावर जातं. म्हणजे ही कविता सगळ्यांची नाही, पण एकाच समाजाचीही नाही. ज्यांच्या हसण्यावर समोरच्या बलवानाची मर्जी अवलंबून असते अशा कुणालाही या ‘आम्ही’त शिरता येईल. ज्याला कंटाळा आलाय म्हणून तो कार्यक्रमात खोटं हसतो, त्याला नाही. ही रेष कुठे आखायची यावर वाद होऊ शकतो आणि झालाही. रेष आहे हे मात्र कवितेनेच ठरवलंय.

हे किती टिकतं ते पाहण्यासाठी आम्ही दोन कविता थोडक्यात शेजारी ठेवल्या. एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सनच्या ‘रिचर्ड कोरी’त (1897) बोलणारे ‘आम्ही’ फुटपाथवरचे सामान्य लोक आहेत. श्रीमंत, देखणा, नम्र कोरी त्यांना हेवा वाटण्याजोगा दिसतो, आणि एका शांत रात्री तो घरी जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतो. इथे ‘आम्ही’ म्हणजे जगच. कोरीने काही लपवलं असं कविता कुठेच म्हणत नाही. त्याच्यावर चकाकी चढवली ती पाहणाऱ्यांनी. स्टीव्ही स्मिथच्या ‘नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग’मध्ये (1957) बुडणारा माणूस हात हलवत असतो आणि किनाऱ्यावरच्यांना वाटतं तो मजेत हात करतोय. त्याने तर लपवलेलंच नाही, उलट खूण केली होती. तिन्ही कविता ‘खरा चेहरा दिसत नाही’ या एकाच मथळ्याखाली नेहमी एकत्र बांधल्या जातात. एकीत लपवलं जातं, दुसरीत पाहणारे झाकतात, तिसरीत खूण चुकीची वाचली जाते. एकच चावी तिन्हींना लावली की तिन्ही बिघडतात.

शेवटच्या लेखनात आक्षेप घेणाऱ्या मुलीने कवितेत काय नाही याची नोंद करण्यावर भर दिला. घटना नाही, नाव नाही, मागणी नाही, मुखवटा उतरवण्याची इच्छासुद्धा नाही. ध्रुवपदाच्या दोन आवृत्त्यांकडेही तिने बोट दाखवलं: मधल्या कडव्याअखेरीस पूर्णविराम आहे, शेवटी उद्गारचिन्ह. तेच चार शब्द, पण पहिल्यांदा ते धोरणासारखे वाटतात आणि दुसऱ्यांदा आव्हानासारखे. दांभिकतेच्या बाजूच्या लोकांना जाणवलेला तोरा इथूनच येत असणार, असं तिने लिहिलं. म्हणजे त्यांचा कान बरोबर होता. तोरा आहे, फक्त तो फसवणाऱ्याचा नसून तगून राहिलेल्याचा आहे. मला हे वाचन गटातलं सर्वांत चांगलं वाटलं.

कवीची ओळख कवितेच्या आधी द्यावी की नंतर, यावर गटात अजून दुमत आहे. आधी न दिल्याने पहिलं लेखन उथळ झालं, असं काहींना वाटतं. मी नंतरच देईन. आधी दिली असती तर दांभिकतेचं वाचन कुणी लिहिलंच नसतं, आणि मग हसतं कोण, खोटं बोलतं कोण, याकडे पहिल्याच ओळीत इतक्या बारकाईने पाहण्याची वेळ आली नसती.